गिटारच्या ॲम्पसमोर माइक नेमका कुठे ठेवावा?

प्रश्न (फोंडा)
आम्ही घरच्याच एका खोलीत गिटारचे रेकॉर्डिंग करतो. ॲम्पमध्ये १२ इंची एकच स्पीकर असून त्याच्या बरोबर मध्यावर, जाळीला जवळजवळ टेकवून, शुअर एसएम ५७ माइक लावतो. खोलीत उभे राहून ऐकताना आवाज भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र तोच पातळ आणि कानाला टोचणारा येतो. ॲम्पवरचा ट्रेबल कमी केला, तर वाजवण्यातली सगळी धार जाते. माइक बदलावा का?

उत्तर (म्हापसा)
माइक मुळीच बदलू नये. १९६५ साली बाजारात आलेला हा माइक गिटारच्या ॲम्पसमोर आजही सर्रास लावला जातो. एक किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या स्पीकरच्या व्यासाच्या आसपास असते, आणि त्याहून वरच्या कंप्रता स्पीकर चहूकडे न पसरवता अधिकाधिक अरुंद झोतात सरळ पुढे फेकत जातो. ॲम्प जमिनीवर असेल, तर तो झोत उभ्या माणसाच्या गुडघ्यांवर जातो. कानाला त्यातले फार थोडे मिळते. आपला माइक मात्र ऐन झोतात बसला आहे.

म्हणून ॲम्पच्या बटणांना हात लावण्याआधी माइक बाजूला सरकवावा. मधली गोल टोपी, म्हणजे डस्ट कॅप, जिथे स्पीकरच्या कोनाला, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पडद्याला, चिकटवलेली असते, त्या कडेपासून सुरुवात करावी. तिथून कोनाच्या बाहेरच्या काठाकडे जाल तसा आवाज मऊ आणि गडद होत जातो. बोटभर सरकल्यानेही फरक स्पष्ट ऐकू येतो. जाळीच्या कापडामुळे टोपी दिसत नसल्यास बॅटरीचा उजेड तिरपा टाकावा. एकाने वाजवावे, दुसऱ्याने माइक हळूहळू सरकवावा आणि तिसऱ्याने बंद दाराआड हेडफोन लावून ऐकावे. ॲम्पशेजारी बसून हा निर्णय होत नाही.

अंतराचा परिणाम वेगळा आहे. हा माइक एका दिशेने ऐकणारा असल्याने अगदी जवळ ठेवला की खर्ज फुगतो, आणि वीतभर मागे घेतला की तो उतरतो.

उत्तर (मडगाव)
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र माइक मागे घेताना खोलीचा विचार करावा. आपल्याकडच्या घरांतली लादीची जमीन आवाज जोरात परतवते, आणि तो परतलेला आवाज मूळ आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त प्रवास करून माइकपाशी आला, तर सुमारे एक मिलिसेकंद उशीर होऊन ५०० आणि १५०० हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात, म्हणजे तेवढ्या कंप्रता दबून जातात. ॲम्प खुर्चीवर ठेवून खाली जाड गोधडी पसरावी. कौलांवर पाऊस कोसळत असताना तर माइक जाळीजवळच बरा.

प्रश्नकर्ता (फोंडा)
टोपीच्या कडेवर माइक आणताच टोचणे गेले आणि धारही राहिली, मनापासून आभार. आमचा ॲम्प मागून उघडा आहे. दुसरा माइक मागे लावल्यास भरीवपणा वाढेल का?

उत्तर (म्हापसा)
वाढेल, पण कोन पुढे येतो तेव्हा मागच्या बाजूची हवा विरळ होते, म्हणजे मागच्या माइकला संकेत उलटा मिळतो. त्याची पोलॅरिटी मिक्सरवर उलटी करावी, दोन्ही माइक कोनापासून सारख्या अंतरावर ठेवावेत, आणि मागच्याची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवावी. पोलॅरिटीचे बटण दाबताच खर्ज नाहीसा झाला, तर ते पूर्वीच्याच स्थितीत ठेवावे.