मदत हवी आहे: देणगीत आलेल्या ३४० पुस्तकांतलं काय ठेवू? (गुंतवणूक, मॅन्युअल, ग्राफिक नॉव्हेल)

कपाट_नं_४

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कराड तालुक्यात, मसूर स्टेशनपासून फार लांब नाही. गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रंथपाल वेगळे आहेत, मी आपला संध्याकाळी दोन तास हौसेने बसतो. गेल्या महिन्यात मूळचे गावातलेच, पण आता पुण्यात असलेल्या एका गृहस्थांनी घर बदलताना अकरा खोकी पाठवून दिली. मोजली तर ३४० पुस्तकं. आमच्याकडे रिकामं कपाट एकच. दाटीवाटीने लावली तरी सव्वाशेच्या वर जात नाहीत.

साधारण १४० पुस्तकं पैशाची आहेत: शेअर बाजार, म्युच्युअल फंड, कर वाचवा, चाळिशीत निवृत्त व्हा वगैरे. त्यातली निम्मी अमेरिकन पुस्तकांची भाषांतरं. ११० तांत्रिक: पंप, मोटर, दुचाकी, घरगुती वायरिंग, कॉम्प्युटर, टॅली. उरलेली ९० ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबऱ्या, बहुतेक इंग्रजी. चार-पाच तर शेवटाकडून सुरू होतात. बांधणाऱ्याने उलटी बांधलीत असं आमच्या चिटणीसांचं ठाम मत आहे.

अध्यक्षांनी खोकी बघून पाच मिनिटांत निकाल दिला: "पैशाची सगळी ठेवा, लोकांच्या उपयोगाची आहेत. मशीनची बघून ठेवा. कार्टून रद्दीत." मीही मान डोलावली. त्या रात्री सहज म्हणून एक गुंतवणुकीचं पुस्तक चाळायला घेतलं. त्यात किसान विकास पत्रात १०० महिन्यांत पैसे दुप्पट होतात असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी पोस्टात विचारलं तर ते म्हणाले ११५. तेव्हापासून झोप उडाली आहे. आपण 'उपयोगाची' म्हणून कपाटात काय भरून ठेवणार आहोत?

मी निवृत्त मराठी शिक्षक. सीए नाही, मेकॅनिक नाही, चित्रातलंही कळत नाही. ३४० पुस्तकं वाचून काढणं शक्य नाही. पुस्तक हातात घेऊन दहा मिनिटांत ते कामाचं आहे का, हे कसं ठरवायचं? तिन्ही ढिगांसाठी सांगा.

गवतीचहा

सर, आधी एक विचारते. दाखल नोंदवहीत चढवलीत का? नसतील चढवली तर अजिबात घाई करू नका. एकदा दाखल क्रमांक पडला की पुस्तक बाद करायला कार्यकारी मंडळाचा ठराव, यादी, सगळं आलं. निवड आधी, नोंद नंतर. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात आहे. देणगीच्या मोहापायी नोंदवलेली पुस्तकं बाद करण्यात आमचा एक उन्हाळा गेलाय.

कपाट_नं_४

नाही चढवली. वाचवलंत ताई.

हिशेबी_मावशी

सर, पैशाच्या ढिगाबद्दल मी सांगते. कर सल्लागाराच्या ऑफिसात २८ वर्षं काढलीत.

मुखपृष्ठावरचं 'नवीन आवृत्ती' वाचू नका, त्याला काही अर्थ नसतो. पुनर्मुद्रणाचं सालही फसवं, कारण आतला मजकूर जुनाच असू शकतो. त्याऐवजी आत ठरावीक खुणा शोधा. बँक ठेवींचा विमा १ लाख लिहिलाय? मग मजकूर फेब्रुवारी २०२० च्या आधीचा, कारण तेव्हापासून तो ५ लाख आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाख? एप्रिल २०२३ पूर्वीचं, आता ३० लाख आहे. सुकन्या समृद्धीचं नावच नाही? २०१५ च्याही मागचं. शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला कर नाही असं म्हणत असेल तर २०१८ च्या बजेटआधीचं. १ लाखाच्या वर १० टक्के म्हणत असेल तर २३ जुलै २०२४ च्या आधीचं, आता सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के आहे. आणि 'कर वाचवा' गटाबद्दल तर विचारूच नका. १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आलाय, कलमांचे क्रमांकसुद्धा बदलले. ८०सी ८०सी (जुन्या कायद्यातलं कर वाचवायचं कलम) करणारी पुस्तकं आता इतिहास विभागात.

पण सगळ्या जुन्या चुका सारख्या नसतात. ठेव विमा १ लाखच आहे असं समजून कुणी पैसे चार बँकांत विभागले तर त्याचं काही बिघडत नाही. उलट एका ओळखीच्यांनी २०२१ चं पुस्तक वाचून २०२३ च्या पावसाळ्यात डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे टाकले. तीन वर्षं थांबलं की महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून मिळते, कर कमी बसतो, असं त्यात होतं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांना ती सवलतच नाही. कितीही थांबा, आपल्या स्लॅबने कर. ते बिचारे एफडी मोडून गेले होते. मी पुस्तक बघताना हाच प्रश्न विचारते: यावर विश्वास ठेवून वागणाऱ्याचं काय होईल?

अमेरिकन भाषांतरांचं: निवृत्ती खात्यांची, त्यांच्या करसवलतींची प्रकरणं आपल्याकडे कुणाच्याच कामाची नाहीत. मात्र कर्ज, खर्चाची सवय, फसवणूक कशी ओळखावी यावर लिहिलेलं असेल तर देश आणि साल दोन्ही आडवे येत नाहीत.

हिशेबी_मावशी

एक राहिलं. आकडेमोडीचं पान काढा. महिना ५,००० रुपये, २० वर्षं. १२ टक्के धरले तर जवळपास ५० लाख होतात, १५ टक्के धरले तर ७५ लाखांच्या वर. लेखकाने १५ धरले असतील तर का धरले, हे सांगितलंय का बघा. आणि त्याच पानावर महागाई आहे का? ६ टक्क्यांनी २० वर्षांनंतरचे ५० लाख म्हणजे आजचे साडेपंधरा-सोळा लाख. हे न सांगणारं पुस्तक गुळगुळीत कागदावर असतं आणि शेवटच्या पानावर लेखकाच्या शिबिराची जाहिरात असते, हा माझा अनुभव. शिबिराची जाहिरात दिसली की मी पुस्तक मिटते.

आडनाव_नको

सगळंच रद्दीत द्या काका. कराचं सरकारी साइटवर मिळतं, मशीनचं यूट्यूबवर. २०२६ मध्ये मॅन्युअल कोण उघडतं?

तीनफेज

मी उघडतो. रोज.

वाळव्याकडं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं. व्हिडिओत दुसऱ्याच मॉडेलची मोटर असते, आणि तो पठ्ठ्या बोल्ट 'चांगला घट्ट' आवळा म्हणतो. चांगला म्हणजे किती? ते मॅन्युअलात लिहिलेलं असतं. शिवाय विहिरीवर रेंज नसते, हात ग्रीसनं भरलेले, फोन धरणार कोण?

सर, मॅन्युअलं तीन जातीची असतात. एक गिऱ्हाइकाला मशीनबरोबर मिळतं ते. 'ओल्या हातानं बटण दाबू नये' छाप. ते टाका. दुसरं सर्व्हिस मॅन्युअल, त्यात मापं, टॉलरन्स, वायरिंगचा नकाशा, सुट्ट्या भागांचं फोडून दाखवलेलं चित्र असतं. ते सोन्यासारखं. तिसरं पार्टचं कॅटलॉग. दिसायला नुसती नंबरांची यादी, पण जुन्या गाडीचा पार्ट मागवायचा तर तेच लागतं.

आता साल बघू नका. मावशींचं शास्त्र इथं उलटं लागतं. पुस्तक जुनं का नवं याला किंमत नाही, ते मशीन गावात चालू आहे का ते बघा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. म्हणून कार्ब्युरेटरचं पुस्तक टाकून देणार? वाचनालयाच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या मोजा, निम्म्यांना कार्ब्युरेटर असेल. शेवटची गाडी भंगारात गेली की पुस्तक काढा.

पंपाच्या पुस्तकांना माझी एक परीक्षा आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरचं, म्हणजे मोठी मोटर आधी कमी करंटवर चालू करणाऱ्या पेटीचं, पान काढा. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करतो तो) किती अँपिअरवर लावायचा लिहिलंय? 'नेमप्लेटप्रमाणे लावा' एवढंच असेल तर पुस्तक अर्धवट. रिले सप्लायच्या मेन लाइनवर असेल तर नेमप्लेटप्रमाणे बरोबर. पण बऱ्याच स्टार्टरात तो मेन कॉन्टॅक्टरच्या (मुख्य स्विचच्या) खाली, मोटरच्या वाइंडिंगला जाणाऱ्या वायरींवर असतो. तिथं करंट ०.५८ पट वाहतो. नेमप्लेटवर १४ अँपिअर असेल तर रिले ८ च्या आसपास पाहिजे. १४ ला लावला तर एक फेज गेल्यावर रिले हलत नाही, मोटर जळते आणि माझ्या दुकानात येते. धंदा माझाच वाढतो, पण असलं पुस्तक वाचनालयात ठेवू नका.

कपाट_नं_४

तीनफेज, ०.५८ कुठून आला?

तीनफेज

एकला तीनच्या वर्गमुळानं भागा. डेल्टात लाइनचा करंट वाइंडिंगच्या करंटच्या १.७३ पट असतो, त्याचं उलटं. चांगल्या पुस्तकात हे आकृतीसकट असतं. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची पुस्तकं निघाली तर डोळे झाकून ठेवा.

हिशेबी_मावशी

टॅलीची पुस्तकं मात्र माझ्याच नियमात, तीनफेज. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. व्हॅट शिकवणारं टॅलीचं पुस्तक शिकून पोरगं मुलाखतीला गेलं तर काय होईल! कॉम्प्युटरची विंडोज एक्सपीवाली पण काढा.

कपाट_नं_४

काढली. एका पुस्तकात मराठी टायपिंग म्हणून जुन्या फॉन्टचा कळफलक पाठ करायला दिलाय. त्यात टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं की नुसत्या अगम्य खुणा दिसायच्या, तो काळ आठवला. युनिकोडचा शब्द नाही त्यात.

चित्रांबद्दल कुणीच बोलत नाही. अध्यक्षांचं खरं की काय?

चौकटीबाहेर

आलो. आधी ती उलटी पुस्तकं: ती जपानी आहेत, उजवीकडून डावीकडेच वाचायची. चिटणीसांना म्हणावं बांधणाऱ्याला माफ करा.

ग्राफिक नॉव्हेलला साल लागू नाही आणि गावात मशीन आहे का हेही लागू नाही. दहा मिनिटांची परीक्षा हवी तर अशी करा. मधलंच एक पान उघडा. फुग्यांतला मजकूर बोटांनी झाका आणि नुसती चित्रं बघा. मग चित्रं झाकून नुसता मजकूर वाचा. 'तो रागाने दार आपटून गेला' असं वर लिहिलंय आणि खाली तो रागाने दार आपटतोय, तर चित्रकाराने पगार घेतला, काम केलं नाही. चांगल्या पानात दोन्ही एकत्र ठेवल्यावरच गोष्ट कळते. कधीकधी दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीतच सगळं घडतं: एका चौकटीत आई दारात उभी, पुढच्या चौकटीत नुसतं दार.

दुसरं, ढिगात डोकं घालून 'भीमायन' आहे का बघा. २०११ चं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं. त्यात सरळ चौकटीच नाहीत. आणि फुगे बघा: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकही शब्द न वाचता पोराला कळतं कोण कसा बोलतोय. आणि सर, तुम्ही पहिल्याच ओळीत मसूर लिहिलंत म्हणून सांगतो. वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव आणि सोबतची मुलं १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर गाडीवान गाडी द्यायला तयार होत नाहीत, शेवटी दुप्पट भाडं घेऊन मुलांनाच बैलगाडी हाकायला लावतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला प्रसंग, तो या पुस्तकात आहे. तुमच्या गावाच्या वाचनालयात हे नसेल तर कुठे असावं?

एक सावधगिरी: ९० पैकी बरीच प्रौढांसाठी असतील. 'चित्रं आहेत म्हणजे बालविभाग' ही चूक अध्यक्षांच्या 'कार्टून'चीच सख्खी बहीण. हिंसा, नग्नता चाळून बघा आणि वेगळ्या फळीवर ठेवा.

आडनाव_नको

पण इंग्रजीत. गावात वाचणार कोण?

चौकटीबाहेर

रास्त शंका. म्हणून मजकूर कमी, चित्रं बोलकी अशी आधी निवडा. दहावी-बारावीची मुलं फुग्यातलं चार शब्दांचं इंग्रजी रेटतात, परिच्छेदाला घाबरतात.

गवतीचहा

सर, नाकारलेली पैशाची पुस्तकं शेजारच्या शाळेला 'भेट' देऊ नका हं. आपल्याकडे नको तर त्यांच्याकडेही नकोच.

कपाट_नं_४

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पैशाच्या १४० पैकी २३ उरली. मावशींच्या खुणांची चिठ्ठी खिशात घेऊन बसलो होतो, एका पुस्तकाला चार मिनिटं पुरली. लेखकाच्या शिबिराची जाहिरात ३१ पुस्तकांत निघाली. तांत्रिक ४८ ठेवली. स्टार-डेल्टाच्या पानाला पंपाची दोनच पुस्तकं उतरली, आणि त्यातलं एक गावातला वायरमन कपाटात लागायच्या आधीच घेऊन गेला. चित्रांची ५२ ठेवली, १९ वरच्या फळीवर. बेरीज १२३.

'भीमायन' होतं. अध्यक्षांसमोर मसूरचं पान उघडून ठेवलं, काही बोललो नाही. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. अजून आणून दिलेलं नाही. दाखल क्रमांक पडायचाय, त्यामुळे मागताही येईना.

आता नवीन अडचण. त्या जपानी मालिकेचे १, २, ४ आणि ५ भाग आहेत, नववीतल्या दोन मुली रोज येऊन तिसरा मागतात. चौकटीबाहेर, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघता का?