बालपणीचा भावनिक छळ प्रश्नावलीने मोजताना येणारी अडचण

प्रश्न (विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक):
मी मानसशास्त्रात एम. ए. करत असून लघुप्रबंधासाठी सातपूर व सिडको भागांतील तीस ते पन्नास वयाच्या स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेत आहे. बालपणीचा भावनिक छळ आणि आजचे नैराश्य यांचा संबंध मला तपासायचा आहे. मात्र "लहानपणी तुमचा मानसिक छळ झाला का?" असे विचारले की बहुतेक जणी "नाही" म्हणतात. काल एका ताईंनीही "नाही"वर खूण केली, चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि सहज म्हणाल्या, "आई मला पांढऱ्या पायाची म्हणायची, मी झाले आणि वडिलांची नोकरी गेली ना. पण तसं घरोघरी बोलतातच." खूण मात्र "नाही"वरच राहिली. मी खूण धरावी की बोलणे?

उत्तर १ (समुपदेशक, गंगापूर रोड):
दोष त्या ताईंच्या उत्तरात नाही, प्रश्नात आहे. "छळ" म्हटले की आपल्याकडे मारहाण किंवा सासुरवास डोळ्यांसमोर येतो; आईचे बोलणे त्यात बसतच नाही. म्हणून घटना विचारावी, तिचे नाव ठरवायला लावू नये. चाइल्डहूड ट्रॉमा क्वेश्चनेअर या बालपणीच्या आघातांविषयीच्या प्रश्नावलीच्या २८ प्रश्नांच्या आवृत्तीत बहुतांशी हेच केले आहे: घरातले लोक लागेल असे बोलत का, आपण जन्मालाच यायला नको होतो असे आई-वडिलांना वाटते, असे वाटे का, अशी विधाने देऊन ती "कधीच नाही"पासून पुढे पाच पायऱ्यांवर तपासली जातात. भावनिक छळाची पाच विधाने असून गुण ५ ते २५ पडतात. तीन विधाने तर बालपण अवास्तव गोड करून सांगितले जात आहे का, एवढेच पाहण्यासाठी आहेत, आणि तुमच्याकडे तीच सर्वाधिक उपयोगी पडतील. भावनिक दुर्लक्ष मात्र वेगळे मोजावे. टाकून बोलणे आणि विचारपूसच न करणे या दोन निराळ्या जखमा आहेत.

उत्तर २ (संख्याशास्त्राचे प्राध्यापक, नाशिक रोड):
मोजमाप सुधारले तरी आठवणीचा प्रश्न उरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की बालपणीच छळाची नोंद झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तो सांगितला नाही, आणि मोठेपणी सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची तशी नोंदच नव्हती. यावरून कोणी खोटे बोलते असे मुळीच ठरत नाही. दोन्ही पद्धतींना वेगवेगळी माणसे सापडतात, इतकेच. शिवाय आज मन खिन्न असेल तर जुने कडू प्रसंग आधी आठवतात. त्यामुळे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून "छळामुळे नैराश्य आले" असे लिहू नये. "छळ आठवणाऱ्यांत नैराश्याचे गुण अधिक आढळले" एवढेच लिहावे.

उत्तर ३ (समुपदेशक, गंगापूर रोड):
नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल, तर तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर प्रश्नावली पिशवीत घालून तुम्हाला निघता येणार नाही. मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीला लिहून द्या.

विद्यार्थिनी:
सरांचे व मॅडमचे मनापासून आभार. त्या ताईंची खूण मी बदलणार नाही. नव्या प्रश्नावलीसाठी त्यांची पुन्हा संमती घेईन, आणि "पांढऱ्या पायाची", "करंटी" हे शब्द विधानांखाली उदाहरण म्हणून देता येतील का, हे मार्गदर्शकांना उद्याच विचारते.