नातेवाईकांनाही शिकवायला हवं

वर कुणीतरी लिहिलंय की हार्ट हॉस्पिटल निवडताना फक्त सर्जन आणि मशिनरी बघावी, बाकी सगळं दिखाऊ. मला हे अजिबात पटत नाही. बेंगळुरूच्या नारायणा हृदयालयात नूरा हेल्थ या संस्थेनं सुरू केलेला उपक्रम बघा, तिथे नर्स पेशंटच्या घरच्यांना वॉर्डातच बसवून शिकवतात, कारण घरी गेल्यावर पेशंटला सांभाळणार आई, बायको, मुलगाच ना! बायपासच्या ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर जड उचलायचं नाही, खोकला आला की छातीशी उशी धरायची, जखम लाल झाली किंवा पू आला तर लगेच फोन करायचा, हे सगळं नीट समजावून सांगतात आणि करून घेतात.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काय होतं, डिस्चार्जच्या गडबडीत इंग्रजी कागद हातात कोंबतात आणि झालं. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेली बारीक जाळीची नळी) टाकल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं, आणि हे मराठीत, आजीला कळेल असं सांगायला पाच मिनिटं पुरतात हो. हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा हे नक्की विचारा, डिस्चार्जच्या आधी घरच्यांना कोण शिकवणार?