मदत हवी आहे: गोगलगायीला फळ देताना धुवायचं कसं, किती द्यायचं? (सफरचंद दिल्यावर फेस आला)

हिरवी_बाल्कनी (ठाणे, घोडबंदर रोड)
पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत भिंतीवर चढतात त्या तपकिरी पट्ट्यांच्या मोठ्या गोगलगायी, अशा दोन आहेत. शंख साधारण ७ सेंमी. काचेची टाकी, तळाला ५ सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर जाळीचं झाकण. काकडी, दुधी, कोबी बिनतक्रार खातात. घोळ फळांचा आहे. सफरचंद घरी धुतो तसंच मीठ-हळदीच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवलं, पुसलं आणि सालासकट फोड दिली. पाच मिनिटांत एकीला फेस आला आणि ती शंखात शिरली. दुसरीने तोंडच लावलं नाही. पपई दोघींनी खाल्ली, पण सकाळी टाकीत आंबूस वास आणि चिलटंच चिलटं. नेमकं धुवायचं कसं, साल काढायची का, फोड केवढी, किती वेळ ठेवायची? आणि कुठली फळं अजिबात नकोत?

शंखशिंपले
मिठाचं पाणी. दुसरं कारण शोधायच्या आधी ते बंद करा. गोगलगायीचं अंग ओलं आणि उघडं असतं, मीठ लागलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यापासून वाचायला ती भराभर चिकटा सोडते आणि त्यात हवा मिसळली की फेस दिसतो. माणसांच्या घरात फळं मीठ-हळदीत बुडवणं ही चांगली सवय, पण पुसल्यावरही देठाच्या खळग्यात आणि सालीवर मीठ राहतंच.

फेस आलेली गोगलगाय लगेच उचलून बशीभर कोमट साध्या पाण्यात ठेवा, पाण्याची पातळी शंखाच्या तोंडाच्या खाली. दोन-तीन मिनिटांनी पाणी बदला, असं दोनदा. मग स्वच्छ, ओलसर जागी एकटी सोडा. ओढून बाहेर काढायला जाऊ नका. थोडक्यात निभावलं असेल तर रात्रीपर्यंत शिंगं बाहेर येतात.

आता धुण्याचं. एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे खाण्याचा सोडा, म्हणजे साधारण १० ग्रॅम. फळ अख्खंच त्यात १२ ते १५ मिनिटं. कापून बुडवलं तर सोडा आत शिरतो. मग नळाखाली धरून हाताने चोळत अर्धा मिनिट, नंतर साध्या पाण्यात पाच मिनिटं. सोड्याने सालीवरची फवारणी बरीच उतरते, सालीत मुरलेली उतरत नाही. म्हणून फळाची साल काढायचीच, आणि सफरचंदाची तर जरा जाडच, कारण त्यावर मेण असतं. गोगलगायीची जीभ कानशीसारखी असते, हजारो बारीक दातांची.  सोललेल्या पपईवर सकाळी नीट पाहा, ओळीने खरवडल्याच्या बारीक रेघा दिसतील.

शेवटचं पाणी पिंपातलं किंवा रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं वापरा, क्लोरीन उडून जातं. टाकीत फवारायलाही तेच.

कोपरीकर
सुरी आणि पाटाबद्दल कोणी बोललं नाही. ज्या सुरीने कांदा, लसूण, मिरची, लिंबू कापता तिने गोगलगायीचं फळ कापू नका. एक छोटी सुरी आणि एक बशी फक्त यांच्यासाठी वेगळी ठेवा. बशी भांड्यांच्या साबणाने धुतली तर तीन पाण्यांतून काढा. फळवाल्याकडची कापलेली प्लेट तर बिलकुल नको, चाट मसाल्यात मीठच असतं.

दुसरं, कोकोपीट. विटेच्या रूपात मिळणाऱ्या स्वस्त कोकोपीटमध्ये खारेपणा असतो. फुगवलं की कापडात पिळून दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. सगळा दोष सफरचंदावर टाकण्याआधी हेही तपासा.

नेरूळची_माळीण
बागेतली पानं देत असाल तर माळ्याला एक प्रश्न विचारा: गोगलगायी मारायच्या गोळ्या टाकल्या आहेत का? त्यात मेटाल्डिहाइड असू शकतं. तांब्याची फवारणीही गोगलगायींना घातक. द्राक्षांवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद म्हणजे तांबंच. हंगामात द्राक्ष द्यायचंच झालं तर सोलून, अर्धं.

कोणतं फळ चालेल ते माझ्या हिशोबाने: पिकलेली पपई, टरबूज, खरबूज, नासपती, सोललेलं सफरचंद, पेरूचा गर, ड्रॅगन फ्रूट. आंबा चालतो, पण देठाकडचा अर्धा इंच कापून टाका, तिथे चीक असतो. कच्ची पपई नको, तिथेही चीकच. संत्रं, मोसंबी, लिंबू, अननस, आवळा यांच्या वाटेला जाऊ नका, आंबटपणा अंगाला झोंबतो. सफरचंद-नासपतीच्या बिया काढा. आणि आता सीताफळाचे दिवस येतील. त्याच्या बिया विषारी, गर चिकट, तेव्हा ते घरच्यांनीच खावं.

हिरवी_बाल्कनी
बापरे, आमच्याकडे फळ धुवायचं म्हणजे मीठ असं ठरलेलंच. गोगलगाय बाहेर आली, काकडी खातेय. आता प्रमाण सांगा. पपई वाशीच्या फळबाजारातून आलेली असते, कार्बाइडने पिकवलेली निघाली तर? आणि केळं चालतं का? यादीत नव्हतं.

शंखशिंपले
कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. तरी ओळखायचं कसं, तर सगळीकडून एकसारखं पिवळंधमक पण दाबल्यावर टणक आणि वास नसलेलं फळ बाजूला ठेवा. पपई देठाकडे मऊ, थोडे हिरवट पट्टे राहिलेली घ्या. सोडा, साल काढणं हे सगळं आहेच, शिवाय सालीखालचा पहिला पातळ काप टाकून आतला गर द्या.

प्रमाण: आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. ७ सेंमीच्या गोगलगायीला २ सेंमी बाय २ सेंमीची फोड, जाडी अर्धा सेंमी. दोघींना दोन वेगळ्या फोडी, नाहीतर एक दुसरीच्या शंखावर चढून बसते. बाकी दिवस भाज्या. फळातल्या साखरेला मुंबईच्या पावसाळी दमटपणात आंबायला रात्र पुरते, तुमचा वास तोच. फोड थेट कोकोपीटवर ठेवू नका. रस मुरतो आणि तिथेच चिलटांची अंडी पडतात. उथळ बशी किंवा बरणीचं झाकण घ्या. रात्री दहाला ठेवायची, सकाळी सहा-सातला उरलेली काढायची, बशी धुवायची. फ्रिजमधली फोड अर्धा तास बाहेर ठेवून मग द्या.

चिलटं आता झालीच आहेत तर वरचे दोन सेंमी कोकोपीट काढून नवं घाला, जाळीवर मलमलचं कापड ताणून रबर लावा. टाकीच्या बाहेर वाटीत व्हिनेगर ठेवा, टाकीच्या आत अजिबात नाही.

नेरूळची_माळीण
केळ्यावर माझं मत वेगळं आहे. बंदी घालायचं कारण नाही. पंधरा दिवसांतून एकदा पाव इंचाची चकती, साल काढून. त्रास असा की केळं सगळ्यात आधी आंबतं आणि अंगाला चिकटतं. शिवाय चटक लागली की दुधीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

शंखशिंपले
चार तासांत काढणार असाल तर द्या. मला ते परवडत नाही म्हणून यादीतच घेत नाही, इतकंच.

कोपरीकर
फळापेक्षा शंख कॅल्शियमवर उभा असतो, हे या गडबडीत राहून जातंय. समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांच्या सामानातही. एक तुकडा कायम टाकीत. नसेल तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पूड करून, रोज चिमूटभर वेगळ्या झाकणात. फळावर शिंपडायची गरज नाही. पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. शंखाच्या तोंडाची नवी कड पातळ, पांढुरकी आणि दाबल्यावर मऊ लागली तर कॅल्शियम कमी पडतंय.

विष्ठेचा रंग बघून घाबरू नका. पपईनंतर केशरी, काकडीनंतर हिरवी, खाल्लं तसंच.

एक सावधगिरी मात्र घरातल्या सगळ्यांना सांगा. बागेतल्या या जातीच्या गोगलगायींमध्ये उंदरांपासून येणारा जंत असू शकतो, माणसाच्या मेंदूच्या आवरणाला त्रास देणारा. हाताळल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. लहान मुलांनी तोंडाजवळ नेऊ नये. टाकीतली बशी घरच्या ताटांमध्ये मिसळू देऊ नका. आणि कंटाळा आला म्हणून बागेत परत सोडणं नको. ही जात मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ साली कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. एका वेळी शंभर-दोनशे अंडी देते. कोकोपीटमध्ये पिवळसर, मोहरीपेक्षा मोठे मणी दिसले तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये, मगच कचऱ्यात.

हिरवी_बाल्कनी
समुद्रफेस आज आणतो. शेवटचा प्रश्न: पपई अख्खी संपत नाही. गोठवून ठेवली तर चालेल का?

शंखशिंपले
चालेल. धुऊन, सोलून, फोडी बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात एक. गोठल्या की डब्यात काढा, झाकणावर तारीख लिहा, महिन्याभरात संपवा. द्यायच्या आधी बशीत पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी ओतून टाका. वितळलेली फोड ताज्यापेक्षा लवकर आंबते, त्यामुळे ती रात्रभर ठेवायची नाही, चार तासांत उचला. पुन्हा गोठवूही नका.