भाताच्या खाचरात पाणी कायम उभं हवंच का?

बांधावरचा:
माझं मत: नको. भाताला पाणी लागतं, पण सतत तुंबलेलंच लागतं असं नाही. बरंचसं पाणी तर आपण तणाच्या धास्तीने उभं ठेवतो. त्याखाली मातीला हवा मिळत नाही, मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं आणि तो वायू भाताच्याच पोकळ देठांतून वर निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.
उपाय आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेला आहे. ३० सेंमीची नळी घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तेवढा भाग गाडा आणि आतली माती काढा. नळीतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमी उतरलं की पुन्हा ५ सेंमी भरा. फुलोऱ्याच्या आगेमागे आठवडाभर मात्र खाचर सुकू द्यायचं नाही.

कालव्याचं टोक:
नळी म्हणणार 'आता भर', आणि माझी पाळी बारा दिवसांनी! तोवर जमीन भेगाळते, पुढचं पाणी भेगांतूनच खाली जातं. म्हणून आलं की तुडुंब भरून घेतो. पाणीपट्टी क्षेत्रावर, वाचवलं तरी तेवढीच.

हिशेबी:
नायट्रस ऑक्साइड वायूचं काय? ओलं-सुकं केलं की दिलेल्या युरियातून तो वाढतो, आणि तापवण्यात तो मिथेनहून कितीतरी जहाल.

बांधावरचा:
खरंय, ते लिहायला हवं होतं. पण बहुतेक ठिकाणी मिथेनची घट त्याहून मोठी भरते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या वायू मोजण्याच्या २०१९ च्या सुधारित पद्धतीत सतत भरलेल्या खाचराचा मिथेन १ धरला, तर अनेकदा सुकवलेल्याचा ०.५५ येतो. एकदाच सुकवलं तरी ०.७१.
पाळीचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. नळी ज्याच्या हातात पंप आहे त्याच्या कामाची. उपसा कमी, डिझेल कमी. टोकाच्या शेताने एकदाच सुकवावं, फुटवे पुरे झाल्यावर.

कालव्याचं टोक:
एकदा जमेल. फक्त वरच्या खाचरातलं पाणी माझ्यात उतरतं हो. तो भरून बसला असताना मी काय सुकवणार?

बांधावरचा:
मग पाटावरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात पाणी तोडायला हवं.

कालव्याचं टोक:
वरच्याला तुम्ही विचारा. आमचं बोलणं बंद आहे.