पुण्याहून सिडकोत आलेली पंधरा वर्षांची नायिका: किशोर कादंबरीत तिचे रुळणे कसे दाखवावे?

गोदाकाठ:
मी किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहे. पुण्यात वाढलेल्या, नववीतल्या मुलीच्या वडिलांची कार्यालयातली नोकरी जाते, ओळखीतून त्यांना नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तपासणी विभागात काम मिळते आणि हे कुटुंब जवळच्या सिडको या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला येते. सुरुवातीला धुराडी, भोंगा आणि काळवंडलेल्या भिंती असे वातावरण उभे केले आहे. अखेरीस तिला इथली माणसे आपली वाटू लागतात. अडचण मधल्या भागाची आहे. कामगारांविषयीची कणव आणि कामगारांचा गौरव ही दोन्ही टोके टाळून तिचे रुळणे घटनांमधून कसे दाखवावे? शिवाय सिडकोऐवजी सातपूर किंवा नाशिक रोड घेतल्यास काही फरक पडेल का?

उत्तमनगर:
धुराडी आणि भोंगा आधी काढून टाका, कारण ती मुंबईच्या गिरणगावाची सामग्री आहे आणि नाशिकचा कोणताही वाचक पहिल्याच पानावर अडखळेल. सातपूर आणि अंबड येथे मुख्यतः इंजिनिअरिंगचे, वाहनांच्या सुट्या भागांचे आणि विजेच्या उपकरणांचे कारखाने आहेत. तिथे धुरापेक्षा कटिंग ऑइलचा वास आणि पॉवर प्रेसचे ठोके जाणवतात. मोठी धुराडी हवीच असतील, तर ती एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची आहेत, आणि ते नाशिक रोडच्या पलीकडे आहे.

जागा बदलली की कथाही बदलेल. नाशिक रोडला चलार्थ पत्र मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जातात. तिथल्या सरकारी नोकरीभोवती पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली घरे आहेत. नाशिकजवळच्या ओझरला 1964 साली मिग विमानांसाठी एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) कारखाना आला आणि त्याच्यासोबत स्वतंत्र टाउनशिप उभी राहिली. अशा ठिकाणी नवी मुलगी खरोखरच बाहेरची ठरते. सिडकोत मात्र मूळचे असे फारसे कोणी नाहीच. सिडको महामंडळाने सहा योजनांत बांधलेली लहान घरे ज्यांनी घेतली आणि पुढे ऐपतीप्रमाणे वर मजले चढवले, त्यांतील कितीतरी जण जळगाव-धुळ्याकडून आलेले आहेत. तुमच्या नायिकेला शेजारी खानदेशातली अहिराणी बोली ऐकू येईल, आणि श्रावणात समोरच्या घरी कानबाई ही तिकडची देवी बसली की तिला रोटांच्या (जाड पोळ्यांच्या) प्रसादाला बोलावणेही येईल. शेजारच्या मावशी स्वतःच एकेकाळी नव्या होत्या. म्हणून ‘एकटी परकी आणि बाकी सगळे एकजीव’ ही मांडणी सिडकोत खोटी वाटेल. माझे मत विचाराल तर सिडकोच ठेवा, कारण तिथे परकेपणा अधिक गुंतागुंतीचा आहे.

दुसरी_पाळी:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु रुळण्याचा खरा प्रश्न जागेपेक्षा वेळेचा आहे, असे कामगाराच्या घरात वाढलेली मुलगी म्हणून मला वाटते. तिच्या वडिलांना आतापर्यंत ठरावीक वेळेचे कार्यालय माहीत होते. तपासणी विभागातही पाळ्या असतात. दुसरी पाळी लागली, की मुलगी शाळेतून येण्याआधी वडील निघून गेलेले असतात आणि ते परततात तेव्हा ती झोपलेली असते. एकाच घरात राहून आठवडाभर दोघांचे धड बोलणे होत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपतात, आणि दोन खोल्यांच्या घरात त्याचा अर्थ असा, की टीव्ही बंद राहतो, कुकरची शिटी होण्याआधीच आई गॅस बारीक करते, धाकटा भाऊ जिन्यात बसून अभ्यास करतो आणि मैत्रिणींना घरी आणायचे नसते. सुरुवातीला कोणाच्या तरी दारावर ती दुपारी मोठ्याने हाक मारील आणि आतून कोणी रागावेल. पुढे कधीतरी, लेखकाने काही न सांगता, तीच मैत्रिणीला विचारील, “तुझ्या पप्पांची आज कोणती पाळी आहे?” तुमचे मधले प्रकरण इथे आहे. त्यात कणवही नाही आणि गौरवही नाही.

दुसरी गोष्ट परमनंट आणि कंत्राटी यांची. वसाहतीतल्या मुलांना हा भेद फार लवकर कळतो, कारण दिवाळीच्या बोनसपासून कंपनीच्या कॅन्टीनपर्यंत सगळीकडे तो दिसतो. युनियनचा वेतनकरार झाला की एका घरी पेढे वाटले जातात आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्या घरी त्याचा काहीही संबंध नसतो. चाळिशीनंतर ओळखीतून नोकरी मिळालेले तुमच्या नायिकेचे वडील बहुधा कंत्राटी असतील. त्यांनी ते घरी सांगितले आहे का, हे तुम्हीच ठरवा. मात्र तिला ते वर्गातल्या मुलाकडून कळले, तर तो प्रसंग धुराच्या दहा वर्णनांपेक्षा जास्त बोलेल.

गोदाकाठ:
पाळ्यांचा धागा फार उपयोगाचा आहे. एक उपकथानकही तपासून हवे आहे: नायिकेचा वर्गमित्र शाळा सुटल्यावर घर चालवण्यासाठी एका लहान वर्कशॉपमध्ये लेथ (धातू कातण्याचे यंत्र) चालवतो. हे विश्वसनीय वाटेल का?

खडू_फळा:
नववी-दहावीच्या मुलांना शिकवत असल्याने या भागाविषयी लिहिते. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली असून 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास काही अपवाद वगळता बंदी आहे, तर 14 ते 18 या वयात धोकादायक कामांना मनाई आहे. वास्तवात असे प्रकार घडत असतील, म्हणून ते लिहू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु वर्कशॉपमधला मालक, मुलाचे आईवडील आणि शिक्षक यांपैकी कोणालाच त्याची टोचणी नसेल, तर कथेला भाबडेपणा येईल. शिवाय कष्टाळू गरीब मित्र आणि त्याच्याकडे पाहून शहाणी होणारी नायिका ही जोडी वाचकांनी खूप वेळा पाहिली आहे.

त्यापेक्षा दहावीनंतरचा निर्णय कथेत आणा. तिच्या घरी कॉलेज गृहीत धरलेले असेल, तर मित्राच्या घरी आयटीआय: दोन वर्षे फिटर किंवा मशिनिस्ट, मग 1961 च्या कायद्याखालील अप्रेंटिसशिप आणि त्यानंतर गेटवर कायम होण्याची वाट. त्याचे गणित चांगले असेल आणि त्याला डिप्लोमा करायचा असेल, तर घरात वाद होईल. तो वाद अन्यायाचा नसून हिशेबाचा असेल आणि दोन्ही बाजू पटण्यासारख्या असतील. आणखी गंमत हवी असेल, तर आयटीआयचा अर्ज नायिकेलाच भरू द्या. अनेक कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि काही ठिकाणी घरच्यांनाही आत येऊ देतात. वडील दिवसभर कुठे उभे असतात हे ती तिथे प्रथमच पाहील, मायक्रोमीटर हे सूक्ष्म मापाचे साधन हातात घेईल आणि तिला ते माप घेणे मनापासून आवडेल. पुण्याच्या आजीला हे फोनवर कोण सांगणार, यावर तुमचे एक विनोदी प्रकरण सहज निघेल, आणि तुम्ही सांगितलेल्या आराखड्यात विनोद मला कुठेच दिसला नाही.