टीम काम करताना कोणी मागे बसून टिपत राहिलं, तर चालेल का?

तापीकाठ: जळगावात आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम, क्लायंट पुण्याचा. गेल्या महिन्यात कंपनीने एक संशोधक बाई पाठवल्या. आठवडाभर मागे खुर्ची टाकून वहीत टिपत होत्या: कोण कोणाला विचारतं, कोण गप्प होतं. मला तरी पटलं. मंगळवारी पेमेंट दोनदा कापलं जात होतं. एक जण लॉग (प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदी) वाचतोय, दुसरा नुसता "वर जा, अजून वर, थांब!" म्हणतोय. बग सापडला, पण कोणाला? दोघांनाही सांगता येईना. एडविन हचिन्स या संज्ञानशास्त्रज्ञांनी नौदलाच्या जहाजावर हेच पाहिलं होतं. जहाज कुठे आहे हे एकट्या कोणाच्या डोक्यात नसतं. माणसं, नकाशा, उपकरणं मिळून ते ठरतं. पुढे १९९१ मध्ये निक फ्लोर यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रामरच्या जोडीचाही असाच अभ्यास केला. कमिटवर (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर) एकाचंच नाव असतं, त्यातून हे कळत नाही.

भुसावळ_जंक्शन: जहाज ठीक आहे भो, वहीचं पुढे काय होतं ते सांग. आमच्याकडे अशाच पाहणीनंतर एकाच्या अप्रेझलमध्ये आलं, "चर्चेत सहभाग कमी". रात्री अडीचला सर्व्हर उभा करणारा तोच! शिवाय कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळाच वागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले, त्यातून हेच पुढे आलं.

केळीचा_घड: त्या हॉथॉर्नच्या आकड्यांवर नंतर बराच वाद झालाय, ते ब्रह्मवाक्य नको. आणि आठवडाभर कोण सोंग करतं? दुसऱ्या दिवशी सगळे मूळ पदावर.

धुळेकर: मुद्दा वेगळाच आहे. आमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, इंग्रजीत, प्रत्येकाची तीन वाक्यं, तीही पाठ. खरं काम जिन्यात, चहा हातात घेऊन: "आठे नल येई ऱ्हायना भो!" (म्हणजे इथे null, रिकामी किंमत, येतेय.) बाईंना अहिराणी येत होती का?

तापीकाठ: नाही. दोन दिवस वहीत नुसतं "गप्पा" लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारलं, जिन्यातून आल्यावर हे लोक लगेच कोड का बदलतात? मग मी शेजारी बसून अर्थ सांगू लागलो.

भुसावळ_जंक्शन: म्हणजे जिनाही गेला. वही आधी टीमने वाचायची, मॅनेजरच्या हाती द्यायची नाही, हे लेखी घेतलंस का?

तापीकाठ: नाही घेतलं. सोमवारी मागतो. वही सध्या पुण्यात आहे.